हात आधी गेला

हुपरीत आमच्या घरात घुंगरं मुकी असतात.
वाजायचं ते दुसऱ्यांच्या पायात.
मी किलोवर जोडून देते.
एका कडीत एक घुंगरू, चिमट्यानं उचलून,
डाग द्यायला पापणी लवेल एवढाच वेळ.
कमी पडला तर कडी सुटते,
जास्त झाला तर नक्षीचा गोळा.

पोराचं नाव सन्मती.
बारशाला सासरे सगळ्या बस्तीत पेढे वाटून आले.
आता तेच नाव शाळेच्या फोनवर आलं
की मी आधी गॅस बंद करते,
मग हॅलो म्हणते.

सोमवारी कंपासपेटी फेकली. संकेतच्या पाठीत.
गुरुवारी बाईंचं वाक्य
बाईंच्याच तोंडातून काढून पुरं केलं.
बरोबर केलं होतं, तरी बाहेर उभा.
मग येतो, दप्तर टाकतो,
आणि माळ्याखाली बसून
स्वतःच्याच मनगटाला चावतो.

‘एक ठेवून द्या,’ सगळे म्हणतात.
दिली की. खोटं कशाला सांगू.
दिल्यावर तो जसा बघतो
तसं भिंतीकडं बघावं माणसानं.

याच पोरानं याच हातानं
दिवाळीत काळ्यांची रांगती पोरगी
बुलेटच्या चाकापुढनं ओढली.
आम्ही ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत ती कडेला होती.
त्या दिवशी कुणाचा फोन नाही.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
डॉक्टरीणबाईंनी चार इंग्रजी अक्षरं
सुटी सुटी लिहिली,
कडी न लावलेली.
म्हणाल्या, त्याला कळतं. कळणं उशिरा पोचतं.
तोवर त्यानं पंखा पाचवर नेला,
एकवर आणला, परत पाचवर,
आणि कागद उडाला.

पट्टणकोडोली येईपर्यंत नवरा गप्प.
मग खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाला,
‘मी बी असलाच होतो.
मला अक्षरं नाही मिळाली. पट्टा मिळाला.’
सन्मती त्याच्या मांडीवर झोपलेला,
झोपेतही एक पाय हलत होता.

काल संध्याकाळी मोबाईल काढून घेतला.
एवढंच.
परातीला लाथ बसली.
दोन किलो घुंगरं,
सकाळी शेठना वजनावर द्यायची,
उंबऱ्यावरनं, पायरीवरनं, गटारीच्या कडेनं
गारा पडल्यासारखी.

माझा हात वर गेला.
कधी गेला, मला सांगता येणार नाही.
वर गेल्यावर दिसला मला,
भाजलेल्या बोटांचा, चिमटा तसाच धरलेला.

तो पळाला नाही.
हाताकडं बघत म्हणाला,
‘आई, माझा बी तसाच आधी गेला.
मी मागनं पोचलो.’

मी हात खाली घेतला, असं म्हणवत नाही.
तो तिथंच अवघडला.
मग चिमटा पडला, आणि तो वाकून
चिमटा उचलायला लागला,
आणि चिमट्याजवळचं एक घुंगरू,
आणि त्याच्या पलीकडचं.

रात्री अकरापर्यंत टॉर्च धरून बसलो.
तो मोजत होता. तीनशेला चुकला,
रागानं मूठ आवळली,
मी काही बोलले नाही,
मूठ बऱ्याच वेळानं उघडली.
परत एकपासून.
दीडशेला पालीचं पिल्लू दिसलं, मोजणी गेली.
परत एकपासून.
नवरा गटारीत कोपरापर्यंत हात घालून.

सकाळी काट्यावर अकरा ग्रॅम कमी.
शेठनी मजुरीतनं कापले,
चहा मात्र पाजला.
दहा वाजता शाळेचा फोन.
गॅस बंद केला.

आज धुणं आपटताना
त्याच्या खाकी चड्डीच्या खिशातनं
काहीतरी वाजलं.
मी परत एकदा आपटली,
नुसतं ऐकायला.